खाऱ्या पाण्यातलं खमीर

ये वं बाई, जवळ ये. खरोखरीची येत नाही तर कागदावर तरी ये अन् घडीभर बस. ही काय रीत झाली, फोनवर "चाची, तब्येत कशी हाये" विचारते अन् मी तोंड उघडायच्या आत "बरं, ठेवते मग" म्हणून मोकळी होते. अकोला काही विलायतेत नाही. एसटीत बसून एक डुलकी काढली की बडनेरा येते, अन् बडनेऱ्याहून अमरावती हाकेवर. मागच्या ईदले तू आली ती पायातली चप्पल न काढताच गेली म्हणायची. तुझ्यासाठी राखलेली खीर मीच खाल्ली, अन् रागानं खाल्ली म्हणून ती पचली नाही.

म्हणून लिहून राहिले. माझी शाळा चौथीतच सुटली, हे तुले माहीत आहे. पुढचं वाचन मी भट्टीवर शिकले, पावाच्या पुड्या बांधायच्या रद्दीतून. त्यामुळं माझ्या डोक्यातल्या अर्ध्या बातम्या कायमच्या अर्ध्या आहेत, उरलेला कागद गिऱ्हाइकासोबत निघून गेला. तसंच काही इथंही राहून गेलं तर समजून घे.

आज जे सांगून राहिले ते तू पाहिलेलंच आहे, पण माझ्या बाजूनं पाहिलेलं नाही. मी तुझ्या अम्मीवर जळत होते. होते काय, जळते.

मी चांदूर बाजारकडची. माहेरी विहिरीचं पाणी गोड, संत्र्यांच्या बागांतून पाट वाहायचे. लग्न होऊन आले ती पूर्णेकाठच्या खारपाणात. तू सोडून दुसऱ्या कोणी हे वाचलं तर त्याच्यासाठी सांगते. पूर्णेच्या दोन्ही अंगाले, अकोल्याकडं अन् अमरावतीकडं, गावंच्या गावं अशी आहेत की विहीर खोदली की खारंच पाणी लागते. त्याले खारपाण पट्टा म्हणतात. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाले फेस येत नाही, अन् नवी नवरी पहिल्यांदा सासऱ्याले चहा करते तवा दूध फाटते. माझं फाटलं. सासरे काही बोलले नाहीत. माझी जेठानी, म्हणजे तुझी अम्मी, ती बोलली, "दुल्हन, इथं दूध शेवटी घालायचं, चहा उतरवल्यावर." सगळ्यांसमोर बोलली. तिनं चांगल्यासाठीच सांगितलं असेल, पण मले ते लागलं. तवापासून सुरू झालं म्हण.

सासरी भट्टी होती. पाव, टोस्ट, नानखटाई, अन् लग्नाच्या ऑर्डरीचे नान. खमीर घरचं, सासूच्या मातीच्या मडक्यातलं. रोज त्यातलं थोडं काढून मैद्यात मिसळायचं अन् मडक्याले परत मैदा-पाणी खाऊ घालायचं. पण त्या मडक्याले हात लावायचा मान मोठ्या सुनेचा. मी मळायची, मी गोळे करायची, मी भट्टीपुढं भाजून निघायची, अन् मडक्यावरचं फडकं उचलायले भाभी, तुझी अम्मी. तिच्या हातचा नान असा फुगायचा की लोक म्हणायचे, हिच्या हाताले बरकत आहे. माझ्या हाताले काय होतं ते कोणी सांगितलं नाही.

दोघे भाऊ वेगळे झाले, तवा पराती वाटल्या, साचे वाटले, अन् शेवटी सासूनं मडकं पुढं ओढलं. आपल्या घराण्यात भट्टी वेगळी झाली की खमीरही वाटतात, बिस्मिल्ला म्हणून, मोठ्या सुनेच्या हातानं. भाभीनं निम्मं माझ्या नव्या मडक्यात ओतलं. मी पाहूनच राहिले होते की निम्मं टाकते का कमी. निम्मंच टाकलं. तरी मले वाटलं, वरचं फेसाचं स्वतःले ठेवलं अन् तळचं पाणचट मले दिलं.

आमी अमरावतीले आलो. नळाले गोडं पाणी. खारपाणात कणकीत मीठ घालत नाहीत, पाणीच ते काम करते. मी त्याच सवयीनं मीठ न घालता मैदा भिजवला अन् मडकं झाकून ठेवलं. पाहता पाहता खमीर काठावरून ओट्यावर आलं अन् ओट्यावरून खाली. मी तर खुश. म्हटलं, पाहा, भाभीच्या हाताखालून सुटलं अन् कसं मोकळं झालं. तुझ्या चाचानं भाजले तर नान निघाले पसरट, आंबट अन् फिके. पहिल्याच गिऱ्हाइकानं एक तुकडा मोडून विचारलं, "भाईजान, हा आजारी माणसाचा नान हाये का?" तवा कळलं की मीठ खमिराले लगाम घालते, अन् आपला लगाम आपण पूर्णेकाठी सोडून आलो.

मग ती वर्षं आली. आपल्या भागातली ती वर्षं कशी होती हे तुले सांगायले नको. सकाळचा पेपर उघडायले हात होत नसे, रोज कोण्या ना कोण्या कास्तकारानं जीव दिल्याची बातमी. मी पुड्या बांधता बांधता वाचणारी बाई, मी छापलेली बाजू आत करून पुड्या बांधायले लागले. गावचा बाजार बसला. ज्याच्या घरात चहाच कमी झाला तो टोस्ट काय घेणार. तुझ्या अब्बांची भट्टी रोज पेटायची, ती बाजाराच्या दिवसापुरती पेटायले लागली. तवा भाभीचा फोन आला. "दुल्हन, पोरगी शिकते म्हणते. तुझ्याकडं ठेव."

मले दोन पोरं, पोरगी नाही. तू पिशवी घेऊन दारात उभी राहिली त्या दिवशी मी मनात ठरवून टाकलं की ही आता इथली. शिकेल, अमरावतीतच नोकरी धरेल, माझ्या घरातून जाईल अन् माझ्या घरी येईल. हे मी कोणाले म्हटलं नाही, तुझ्या चाचालेही नाही. पण पुढची सगळी वर्षं मले हेच एक पाहिजे होतं.

अमरावतीच्या पाण्यानं तुझे केस मऊ झाले. मी भाभीले मुद्दाम फोनवर सांगितलं, "पोरीचे केस कसे रेशमासारखे झाले, हातातून सुटतात."

ती म्हणाली, "सुटत असतील तर गळतील. तेल लाव."

असं होतं आमचं. मी तुले रोज गरम पोळी वाढायची, ओढणी इस्त्री करायची, परीक्षेच्या दिवशी दही-साखर हातावर ठेवायची. अन् महिन्यातून एखाद्या वेळी दुकानातल्या फोनवर भाभी नुसतं म्हणायची, "ये बरं." की तू पुस्तकं तशीच टाकून एसटी स्टँडवर. एकदा तर ताटातली पोळी अर्धी ठेवून गेली. ती अर्धी पोळी मी किती वेळ पाहत बसले.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तू एक दिवस म्हणाली, "चाची, मी गावाले जाऊन येते. अम्मीच्या मडक्यातलं खमीर आणायचं हाये, प्रयोगासाठी."

"काहून? आपल्या मडक्यातलं काय कुजलं?"

"तसं नाही. मॅडमले खारपाणातलं पाहिजे. मिठाचा प्रयोग हाये."

"मग आपल्यात मीठ टाक न. पुडा तर फळीवर हाये."

चाचा पेपराच्या मागून हसले. "तुझं खमीर शहरी झालं. त्याले आता मिठाचा ठसका लागेल."

दुकानात पाव घ्यायले रोज येणारे ते भाजीवाले काका होते न, नांदगाव खंडेश्वरकडचे, मेथी-पालक विकणारे, ते ऐकून राहिले होते. म्हणाले, "अजब आहे बाई. आमच्या मेथीले कोणी विचारत नाही, अन् खमिराले मीठ चारायले कॉलेज आहे."

तू त्यांना समजावलं की काका, खाऱ्या पाण्यानं मेथीच्या मुळाचं जे होते त्यातलं पुष्कळसं खमिराचंही होते. पण मेथीले वाढायले महिना लागतो, अन् खमिराच्या एका दिवसात पिढ्या होतात. त्यात लवकर पाहायले मिळते. काकांनी पाव पिशवीत टाकला अन् म्हणाले, "पिढ्या होतात ते बरं आहे. त्यातली एखादी तरी सुखाची निघत असेल."

तू गावाहून स्टीलच्या डब्यात खमीर घेऊन आली. एसटीत ते फुगलं, झाकण उडालं, तुझ्या मांडीवर सांडलं, अन् तू ते हसत हसत सांगत होती. मले हसू आलं नाही. मी आपल्या मडक्यातलं वाटीभर काढलं अन् तुझ्या डब्याशेजारी ठेवलं. म्हटलं, "हे पण ने. दोघींचं होऊन जाऊ दे." तुझ्या लक्षात आलं का नाही कोण जाणे, तू नेलं.

मग मले दाखवायले तू कॉलेजात घेऊन गेली. मी बाहेर जायची नवी चादर पांघरून गेले होते, लग्नाले निघाल्यासारखी. तू सांगितलं की मडक्यात खमिरासोबत आंबट करणारे दुसरेही जीव असतात, त्यातून तू नुसतं खमीर वेगळं काढलं, गव्हातले खडे निवडावे तसं. मग पारदर्शक बशा मांडल्या. एकीत मीठ नव्हतं, एकीत होतं, एकीत फार होतं. प्रत्येक बशीत वरच्या रांगेत अम्मीचं खमीर, खालच्या रांगेत माझं. बिनमिठाच्या बशीत दोन्ही सारखे. फार मिठाच्या बशीत भाभीचे ठिपके साबुदाण्यासारखे टपोरे, अन् माझे खसखशीसारखे, चष्मा लावून शोधावे लागले.

बशीतसुद्धा ती वर अन् मी खाली. मी तुले विचारलं, "ही तबकडी उलटी तर नाही ठेवली?" तुझ्या मॅडम तोंड फिरवून हसल्या.

मी म्हटलं, "असं कसं होईल? एकाच सासूच्या मडक्यातलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर निम्मं केलं."

तू म्हणाली, "म्हणूनच तर मजा हाये, चाची. बसा, दाखवते." अन् तू मले कॉम्प्युटरपुढं बसवलं. त्यावर एक सिनेमा होता, खमिराचा. दुसऱ्या कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत काढलेला. काळ्या पडद्यावर गोल गोल पेशी, द्राक्षाच्या घोसासारख्या, अन् प्रत्येकीत हिरवा उजेड पसरलेला. तू सांगून राहिली होती, मी ऐकून राहिले होते, अन् जे मले समजलं ते असं.

खमिराच्या पेशीच्या मधोमध एक खोली असते. तिच्यात सगळ्या रीती ठेवलेल्या, तू त्यांले जनुकं म्हणाली. मी आपल्या मनात म्हटलं, भट्टीवरच्या उस्तादासारखं. त्याले नान येतो, शीरमाल येते, बाकरखानी येते, पण ऑर्डर आल्याशिवाय शीरमाल कोणी लावत नाही. मीठ बाहेर फेकायचा जो पंप असतो, तो कसा बनवायचा त्याचीही रीत त्या खोलीत आहे. पण एरवी ती मिटलेली. आता बाहेर मीठ वाढलं हे आतल्या खोलीले सांगायचं कोणी? तर कॅल्शियम. पेशीत एरवी कॅल्शियम जवळजवळ नसतेच. असते ते बाहेर, नाहीतर आतल्या एका कोठीत कोंडलेलं. मिठाचा तडाखा बसला की दारं किलकिली होतात अन् थोडं कॅल्शियम आत शिरते. त्यानं एक कातरणारा जागा होतो. पेशीत एक निरोप्या असतो, त्याच्या पायाले दोर बांधलेले, म्हणून तो बाहेरच फिरत राहतो. कातरणारा ते दोर कापतो, अन् निरोप्या मोकळा होऊन थेट मधल्या खोलीत जातो. तिथं जाऊन मिटलेल्या रीती उघडतो. मग पंप बनतात अन् मीठ बाहेर जाते.

तो हिरवा उजेड म्हणजे तो निरोप्या, तू म्हणाली. अन् मग पडद्यावर कॅल्शियम घातलं. एका पेशीतला सगळा हिरवा उजेड गोळा होऊन मधोमध ठिपका झाला, बटण दाबल्यासारखा. मग परत पसरला. दुसरीत झाला. मग पहिलीत परत.

"हा काहून बाहेर येते?" मी विचारलं. "गेला तर राहावं न तिथंच."

"राहत नाही. कोणीतरी परत दोर बांधते, तो बाहेर येते. मग परत जाते. कॅल्शियम वाढवलं तर तो आत जास्त वेळ थांबत नाही, चाची. जास्त वेळा जाते."

मले तो निरोप्या आवडला नाही. मी तिथं बसून विचार करत होते की हा पोरगी झाला असता तर कोणाची.

घरी आले ती एक शब्द डोक्यात घेऊन आले, कॅल्शियम. अन् कॅल्शियम म्हणजे काय हे मले शिकवायची गरज नव्हती. गरोदरपणी डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्या तवाच सासूनं म्हटलं होतं, गोळ्या कशाले, पानाले चुना जास्त लाव. चुना म्हणजे कॅल्शियम, हे आपल्या वऱ्हाडात पान खाणाऱ्या प्रत्येक बाईले माहीत आहे.

त्याच आठवड्यात माझ्या मोठ्या पोराची मंगनी होती अन् भाभी येणार होती. मी ठरवलं, नान मी लावणार. कणीक गावच्या पाण्यापेक्षा खारी करणार, अन् ती अशी फुगवणार की भाभीनं फडकं उचललं की मागं सरकावं. आधी खमिराले तयार करायचं. मी पानाच्या डब्यातला चुना घेतला, भिजलेला, पांढराशुभ्र, चांगला लिंबाएवढा गोळा, अन् मडक्यात कालवला. वरून मीठ. सगळ्या मैद्यात तेच खमीर गेलं.

कणीक पिवळी पडली. हळद घातल्यासारखी. हाताले बुळबुळीत लागायले लागली अन् वास आला साबणाचा. फुगायचं तर नाव नाही. चाचानं परातीत बोट घातलं, नाकाशी नेलं, माझ्याकडं पाहिलं.

"ह्यात चुना कोणी घातला?"

मी परातीवर फडकं ओढलं.

"आता कात अन् सुपारी पण घाल. विडे लावून विकतो."

पाहुणे आले, तवा बाजारातून आणलेले पाव ताटात होते. भाभीनं एक पाव हातात घेऊन उलटापालटा केला अन् म्हणाली, "दुल्हन, तुझ्या घरी भट्टी हाये न?" बस, एवढंच. मी भांडी घासायच्या निमित्तानं मोरीत गेले अन् नळ मोठा सोडला.

तू माझ्या मागं आली. तुले चाचानं सांगितलं होतं. तू हसली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. तू मोरीच्या उंबऱ्यावर बसली अन् म्हणाली, "चाची, एवढा चुना तेजाबासारखाच जाळते. त्यानं खमीर मेलं."

"तूच तर म्हणाली, कॅल्शियम."

"मी म्हणाली, थोडं. अन् थोडा वेळ. ते खमिराचं खाणं नोय, चाची, हाक हाये. हाक कशी असते? आली अन् थांबली, तर ऐकू येते. दिवसभर दार उघडं टाकून सगळं कॅल्शियम आत घेतलं तर त्याले कळणार कसं की काय झालं? म्हणून तर पेशी ते लगेच परत कोठीत कोंडते. बाहेर काढते. पुढची हाक ऐकू यावी म्हणून."

मी नळ बंद केला. हातातली परात धरून तशीच उभी राहिले. माझ्या डोक्यात ती अर्धी पोळी आली. रोज गरम पोळी वाढणारी मी, अन् महिन्यातून एकदा "ये बरं" म्हणणारी ती. हे मी तुले तवा बोलून दाखवलं नाही. तू मात्र माझा चेहरा पाहून समजली की चाचीले खमिराचं दुःख झालं, अन् म्हणाली, "थांबा, मी तुमचं परत लावते."

कॉलेजात माझं खमीर ठेवलेलं होतंच, त्यातलं थोडं तू माझ्या मडक्यात परत लावून दिलं. तू दोघींचं खमीर आधी एकाच गोड्या खाण्यावर वाढवलं, दोघींले सारखं. अम्मीच्या खमिराले मिठाची सवय विसरायले लावली म्हण. मग दोन्ही मिठाच्या बशीत टाकले. मले परत नेलं, ह्या वेळी साध्याच चादरीत. दोन्ही रांगा सारख्या. दोन्ही आधी मिठानं दचकले, उशिरा उठले, पण उठले. वर साबुदाणा, खाली साबुदाणा.

"रीती दोघींजवळ आहेत," तू म्हणाली. "फक्त अम्मीच्या घरी रोज मीठ पडते, म्हणून त्या उघड्या असतात. तुमच्या घरी कधी गरजच पडली नाही."

मी एवढी खुश झाले की घरी येऊन चादर न काढताच भाभीले फोन लावला. म्हटलं, "भाभी, कॉलेजात सिद्ध झालं. माझं खमीर अन् तुमचं खमीर एकच. काडीचा फरक नाही."

मले वाटलं, आता बसला ठसका.

ती म्हणाली, "खमीर तूच ठेव, दुल्हन. दोन्ही ठेव. माझी पोरगी पाठव."

मी जिच्यावर इतकी वर्षं मडक्यासाठी जळत होते तिले मडक्याचं काही नव्हतंच. ती माझ्यावर जळत होती. तिनं पुढं म्हटलं, "तिच्या तोंडाले तुझ्या घरचं गोडं पाणी लागलं. इथं आली की दोन घोटांत तोंड वाकडं करते. मले दिसते ते." तिचा आवाज बारीक झाला होता. मले वाईट वाटायले पाहिजे होतं. मले आतून बरं वाटलं, अन् त्याचबरोबर भीतीही वाटली, कारण भाभी मागायले लागली म्हणजे नेणार.

तसंच झालं. तुझा निकाल लागला. मॅडमनं अमरावतीतल्या एका कॉलेजात तुझ्यासाठी शब्द टाकला, घरापासून ऑटोनं जवळ. अकोल्यातल्या एका कॉलेजातूनही विचारणा आली. त्याच सुमाराले तुझ्या अब्बांनी भट्टी कायमची बंद केली. बाजाराच्या दिवशीही टोस्ट परत यायले लागले होते. ते दोघं अकोल्यात तुझ्या मामांच्या वरच्या खोलीत राहायले जाणार होते. भाभीचा फोन दुकानातच आला, मी गल्ल्यावर होते, मीच उचलला अन् तुले दिला. तिनं काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, पण फार नव्हतं. तू "हो अम्मी" म्हटलं अन् ठेवला.

तू कपडे भरत होती तवा मी दारात उभी होते.

"इथलं कॉलेज जवळ होतं," मी म्हटलं.

"हो."

"जेवण माझ्या हातचं होतं."

"हो, चाची."

"मग?"

तू ओढणीची घडी करत राहिली. "अम्मीनं ये म्हटलं."

"अन् मी काय जा म्हटलं?"

"तुमी कधी राहा म्हटलं नाही."

"घरातल्या माणसाले राहा कोण म्हणते?" मी म्हटलं. "भिंतीले कोणी म्हणते का, उभी राहा?"

तू हसशील असं मले वाटलं होतं. तू हसली नाही. "मॅडमनं विचारलं होतं, घरचे काय म्हणतात. मी म्हटलं, अम्मी बोलावते. चाची काही म्हणत नाही. मी वाट पाहिली, चाची. बरेच दिवस पाहिली."

मले तवा म्हणता आलं असतं. बॅग अजून उघडी होती. पण खालून चाचानं हाक मारली, ऑटो आली होती, अन् मी काय केलं तर तुझ्या डब्यात नानखटाई भरली. वरपर्यंत भरली, झाकण लागेना, तरी भरत राहिले. तू जिन्यावरून उतरली, ऑटोत बसली, अन् मी वरून "पाणी पीत जा" म्हटलं. पाणी पीत जा. दुसरं काही सुचलं नाही.

तवापासून मी भाभीवर जास्तच जळते. पहिलं जळणं लहान होतं, चहाचं, फडक्याचं, नानाचं. हे वेगळं. तिच्या घरी तुले द्यायले काही राहिलं नव्हतं, ना भट्टी, ना बाजार, ना धड पाणी. म्हणून तिले तोंडानं मागता आलं. माझ्या घरी सगळं होतं, अन् ज्याच्या घरी सगळं असते त्याले वाटते की न बोलता कळते. आता तू तिथं तिच्यासाठी पिण्याचं पाणी गाळून ठेवते, तिचे पाय चेपते, तिच्या शेजारी झोपते, हे मले तुझे मामा येता-जाता सांगतात. मी विचारते अन् ते सांगतात, अन् मग मी दिवसभर कोणाशी नीट बोलत नाही. चाचा म्हणतात, "विचारते कशाले मग?" त्यांले काय सांगू.

परवा पावाच्या पुडीत एक कागद आला, कुठल्याशा शास्त्रज्ञांचा, खमिराचं काहीतरी होतं. मी पुडी बांधायची थांबले, छापलेली बाजू वर केली, अन् शोधून राहिले की तुझं नाव आहे का. नव्हतं. पण पेशीतल्या कॅल्शियमचं होतं, अन् ते मले समजलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याले मी सांगायले लागले. तो म्हणाला, "बाई, पाव द्या." तुझ्याशिवाय हे बोलायले माझ्याजवळ कोणी नाही.

तर आता म्हणते. उशिरा म्हणते, पण तोंडानं म्हणते अन् लिहूनही म्हणते. ये. कामाची सुटी पाहू नको, रविवार धरून ये, नाहीतर जुम्म्याले दुपारी निघ म्हणजे दिवेलागणीच्या आत पोचशील. भाभीलेही आण, मी तिच्याशी भांडले तर तू मधात बस. ती लवकर जाते म्हणाली तर तिले एसटीत बसवून देऊ अन् तू मागं राहा. राहा म्हणून राहिले, ऐकून घे. ह्याच महिन्यात ये, बाई, अन् चप्पल काढून बस.